विमान गेले, पेट्यांचे काय?

३१ मार्च ही तारीख बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या अंगात मुरलेली असते. निवृत्तीनंतरही त्या रात्री झोप जरा उशिराच लागते. कुठेतरी एखादी नोंद करायची राहून गेली आहे, असे उगीच वाटत राहते. २०२४ सालची ३१ मार्च मात्र मला निराळ्याच कारणाने लक्षात राहिली. त्या दिवशी भारतीय हवाई दलाची दोन अवाढव्य सी-१७ ग्लोबमास्टर विमाने दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या गयाना या चिमुकल्या देशात उतरली. त्यांच्या पोटात आणखी दोन विमाने होती. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेली डॉर्निअर २२८ जातीची ही दोन हलकी विमाने गयानाच्या संरक्षण दलासाठी होती. विमानाने विमान पोचवले.

शेजारच्या व्हेनेझुएलाने गयानाच्या एसेक्विबो या विस्तीर्ण प्रदेशावर हक्क सांगून डिसेंबर २०२३ मध्ये सार्वमत घेतले होते. त्या पार्श्वभूमीवर या विमानांना महत्त्व होते. गयानाच्या अंतर्भागात जंगल आणि नद्या. लहान धावपट्टीवर उतरू शकणारे विमान नसेल, तर आजारी माणसाला दवाखान्यात आणणेही कठीण, मग सीमेवर नजर ठेवणे दूरच. ज्या देशात चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक भारतीय वंशाचे आहेत, त्या देशाला आपण हे साधन दिले याचा कोणालाही आनंदच वाटावा. मलाही वाटला.

मग त्या आर्थिक वर्षाचे आकडे आले. २०२३-२४ मध्ये भारताची संरक्षण निर्यात २१,०८३ कोटी रुपयांवर गेली. २०१३-१४ मध्ये ती अवघी ६८६ कोटी होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर पोचली आणि २०२९ पर्यंत ५० हजार कोटींचे लक्ष्य ठेवलेले आहे. आलेख चढता आहे, हे खरेच आहे. पण ताळेबंद वाचायची सवय जडलेल्या माणसाची नजर बेरजेवरून खाली घसरते आणि बारीक अक्षरांतल्या टिपांवर जाऊन थांबते. विमान पोचले, पैसे जमा झाले, आकडा वाढला. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांची नोंद कोणत्या वहीत आहे?

विमान बांधणे आणि विमान बांधून देणे

आपल्या भाषेत ‘बांधणे’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. घर बांधतात आणि गाठोडेही बांधतात. विमानाच्या बाबतीत पहिल्या अर्थाचे फार कौतुक होते. दुसरा अर्थ गोदामातल्या माणसांपुरता राहतो. तो समजून घेतल्याशिवाय हा व्यवहार समजत नाही.

डॉर्निअर २२८ च्या पंखांचा विस्तार सुमारे १७ मीटर. सी-१७ चे पोट रुंदीला साधारण साडेपाच मीटर. म्हणजे पंख उतरवल्याशिवाय ते आत शिरणारच नाही. उडवत न्यावे, तर लहान विमानाला महासागर टप्प्याटप्प्याने ओलांडावा लागतो, जादा टाक्या लावाव्या लागतात आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधीच त्याची झीज सुरू होते. म्हणून ते उकलायचे, नेऊन पुन्हा जोडायचे.

ही उकलण्याची कला असते. आधी इंधन काढून टाक्यांतली वाफ घालवतात, कारण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. इंजिनाच्या आतल्या भागांना गंज चढू नये म्हणून त्यात संरक्षक तेल फिरवतात आणि त्याची सगळी तोंडे झाकणांनी बंद करतात. प्रोपेलर, पंख, शेपटाचे भाग एकेक करून उतरतात. सुटलेल्या प्रत्येक नळीला बूच, प्रत्येक तारेला चिठ्ठी. ज्या जोडातून बोल्ट निघाले, ते पिशवीत घालून त्याच जोडाजवळ बांधायचे. पंख जमिनीवर टेकवायचे नाहीत, त्यांच्या आकाराच्या गादी लावलेल्या पाळण्यात बसवायचे. बॅटरी, प्राणवायूच्या नळकांड्या, आग विझवण्याच्या यंत्रातली स्फोटक काडतुसे हा धोकादायक माल. त्याच्या पेट्या वेगळ्या, त्यावरच्या रंगीत खुणा वेगळ्या आणि कागदही वेगळे.

सुटे भाग बहुधा समुद्रमार्गे जातात आणि तिथे निराळाच शत्रू असतो. दिवसा तापलेला कंटेनर रात्री थंडावला की आतल्या हवेतले पाणी छताला धरते आणि थेंबाथेंबाने खाली पडते. कंटेनरला अक्षरशः घाम सुटतो. सोबतीला खारी हवा. म्हणून भाग आधी गंजरोधक कागदात, मग ओल न शिरणाऱ्या पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटे दमटपणा दाखवणारे कार्ड. कार्डावरचे निळे ठिपके गुलाबी झाले की समजायचे, पिशवीत ओल शिरली. काही पेट्यांवर धक्का बसला की लाल होणारी चिठ्ठी लावतात. पेटीचे लाकूडही हवे तसे चालत नाही. त्यातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान अर्धा तास तापवायचे आणि त्यावर गव्हाच्या ओंबीची आंतरराष्ट्रीय मोहोर उमटवायची. मोहोर नसली तर आतला लाखमोलाचा भाग बंदरातच अडकू शकतो, तोही सुताराच्या एका चुकीपायी.

एवढे करूनही काही भाग पेटीत पडल्या पडल्या म्हातारे होतात. रबरी सील कधी तयार झाले, त्याची नोंद असते. मुदत उलटली की ते न वापरताच टाकून द्यायचे. आणि ज्या भागांचे आयुष्य उड्डाणाच्या तासांत मोजलेले असते, त्यांच्याबरोबर लॉग कार्ड जायलाच हवे. भाग कितीही चकचकीत असो, त्याचे कार्ड हरवले की विमानाच्या दृष्टीने ते भंगार.

हे तपशिलाने अशासाठी सांगितले की, विमान एकदा बांधून पाठवायचे असते, सुटे भाग मात्र वर्षानुवर्षे. पहिल्या वेळी मंत्री येतात, फीत कापली जाते, हवाई दल आपले सर्वात मोठे मालवाहू विमान देते. सातव्या वर्षी एका पंपाच्या सीलसाठी निरोप येतो, तेव्हा ग्लोबमास्टर उडत नाही. तेव्हा गोदामातला एक कारकून असतो, एक पॅकर असतो आणि एक फाइल असते.

बँक कागद बघते

परदेशी व्यापाराच्या खात्यात काम करताना आम्हाला पहिला धडा मिळे तो असा: बँका मालाशी व्यवहार करत नाहीत, कागदपत्रांशी करतात. लेटर ऑफ क्रेडिटच्या आंतरराष्ट्रीय नियमांतच हे तत्त्व आहे. बिल ऑफ लेडिंग, पॅकिंग लिस्ट, विमा, तपासणीचा दाखला हे सगळे अटींप्रमाणे असले की पैसे द्यायचे. पेटीत काय आहे हे बँकेने उघडून पाहायचे नसते. नियम शहाणपणाचा आहे. त्याशिवाय जगाचा व्यापार चालणार नाही.

१९९४-९५ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाखेच्या एका लहान कारखानदाराने पूर्व आफ्रिकेत शेतीचे पंप पाठवले होते. ते पैसे वेळेवर आले. वर्षभराने त्यांचेच सुटे भाग पाठवले, तेव्हा पॅकिंग लिस्टमध्ये बारा पेट्या आणि बिल ऑफ लेडिंगवर अकरा. तिकडच्या बँकेने कागद नाकारले. दुरुस्तीची पत्रे, टेलेक्स, पुन्हा पत्रे, यात दोन महिने गेले. माल बंदरात पडून होता. शेवटी ग्राहकाचे एक पत्र आले. त्यात भांडण नव्हते. पंप बंद आहेत आणि हंगाम निघून गेला, एवढेच साध्या इंग्रजीत लिहिले होते. मी ते वाचले, त्यावर तारखेचा शिक्का मारला आणि फाइलला लावले. आमच्या दृष्टीने प्रश्न विसंगतीचा होता आणि ती दूर झाली होती. कारखानदाराला पैसेही मिळाले. त्या ग्राहकाने पुढचे पंप मात्र आपल्याकडून घेतले नाहीत.

गयानाच्या विमानांचा पैसाही बँकेतूनच गेला. मुंबईत मुख्यालय असलेल्या एक्झिम बँकेने भारत सरकारच्या पाठबळावर गयाना सरकारला २ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास लाइन ऑफ क्रेडिट दिली. ही पद्धत मोठी कौशल्याची आहे. बँक कर्ज देते परदेशी सरकारला, पण रक्कम जाते ती माल पुरवणाऱ्या भारतीय कंपनीकडे. परदेशी सरकार ते कर्ज सवलतीच्या व्याजाने पुढे कित्येक वर्षे फेडत राहते. आपल्या कारखान्याला काम मिळते, गरजू देशाला साधन मिळते.

पण बँकेच्या खुर्चीवरून पाहिले की एक गोम दिसते. विकणाऱ्याचे पैसे मुख्यतः माल रवाना होण्याशी बांधलेले आणि घेणाऱ्याची परतफेड पुढच्या अनेक वर्षांशी. कर्जाचे हप्ते चालू आहेत आणि विमान सुट्या भागाअभावी हँगरमध्ये उभे आहे, असे झाले तर त्या देशाच्या अर्थमंत्र्याला दर सहामाहीला भारताची आठवण येईल, पण ती चांगली नसेल.

इक्वेडोरचा धडा

ही कल्पनेतली भीती नाही. त्याच खंडात आपण हा धडा एकदा घेतला आहे. ‘ध्रुव’ या आपल्या हलक्या हेलिकॉप्टरची पहिली मोठी परदेशी विक्री इक्वेडोरला झाली. सात हेलिकॉप्टरे, किंमत सुमारे साडेचार कोटी डॉलर. २००९ मध्ये पहिली तुकडी पोचली, तेव्हा आपल्याकडे मोठा उत्साह होता. परदेशी कंपन्यांना मागे टाकून हे काम मिळाले होते. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला क्विटो येथे लष्करी संचलनाच्या वेळी, सर्वांच्या डोळ्यांदेखत, त्यातले एक कोसळले. जानेवारी २०१५ पर्यंत सातपैकी चार गेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये इक्वेडोरने करार एकतर्फी रद्द केला.

अपघातांच्या कारणांबद्दल दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले. चारपैकी दोन अपघात मानवी चुकीमुळे झाल्याचे सांगितले गेले आणि तशी चूक कोणत्याही देशाच्या विमानाबाबत होऊ शकते. पण करार मोडताना इक्वेडोरच्या तक्रारीत सुट्या भागांचा पुरवठा नीट न झाल्याचा मुद्दा होता, तो अधिक बोचणारा आहे. अपघात दैवावर किंवा वैमानिकावर ढकलता येतो. न पोचलेली पेटी कोणावर ढकलणार?

इथे विकणाऱ्याची अडचणही समजून घेतली पाहिजे. सात हेलिकॉप्टरांसाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला पूर्ण साठा ठेवणे परवडत नाही. एखादा भाग तीन वर्षांतून एकदा लागतो, पण लागतो तेव्हा आजच लागतो. आजूबाजूच्या देशांत तेच यंत्र असते तर उसनवारी करता आली असती, तसेही नव्हते. आणखी एक गाठ होती. महालेखापालांनी २०१० च्या अहवालात दाखवून दिले होते की, ‘ध्रुव’साठी लागणाऱ्या सामग्रीपैकी मूल्याने सुमारे ९० टक्के परदेशी पुरवठादारांकडून येत होती. म्हणजे क्विटोहून बंगळूरला निरोप यायचा, बंगळूरहून तो तिसऱ्याच देशाला जायचा आणि पेटी उलटा प्रवास करीत यायची.

आपणही रांगेत उभे होतो

सुट्या भागासाठी ताटकळणे म्हणजे काय, हे भारताला कोणी शिकवण्याची गरज नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि एका देशातल्या कारखान्यांचे रातोरात अनेक देशांतले कारखाने झाले. मिग विमानांच्या भागांसाठी आपल्या अधिकाऱ्यांना कुठे कुठे भटकावे लागले, ते त्या पिढीतल्या हवाई दलाच्या माणसांना विचारावे. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे सुट्या भागांवाचून जमिनीवर बसली. हेलिकॉप्टरे ब्रिटनमधली, पण त्यांतले महत्त्वाचे भाग अमेरिकी. जग्वार विमानांसाठी तर आपण फ्रान्सकडून ३१ निवृत्त विमानांचे सांगाडे मिळवले. उडवण्यासाठी नव्हे, त्यांतले भाग काढून आपली विमाने उडती ठेवण्यासाठी. घरातला जुना मिक्सर चालू राहावा म्हणून शेजाऱ्याचा बिघडलेला मिक्सर मागून आणावा, तसेच हे.

ज्याने रांगेत दिवस काढले, त्याने दुकान मांडल्यावर गिऱ्हाइकाला रांगेत उभे करू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

बरे, आपल्याला हे काम जमत नाही असेही नाही. हैदराबादजवळ टाटा आणि बोईंग यांच्या संयुक्त कारखान्यात अपाची या लढाऊ हेलिकॉप्टरचे सांगाडे तयार होतात आणि समुद्रापार अमेरिकेला जातात. २०२४-२५ च्या २३,६२२ कोटींच्या निर्यातीत १५,२३३ कोटींचा वाटा खासगी उद्योगांचा होता आणि परदेशी कंपन्यांना जाणारे भाग व जोडण्या हा त्यातला महत्त्वाचा हिस्सा आहे. तिथे मोहोर चुकत नाही, कार्ड हरवत नाही, तारीख टळत नाही. कारण तिथे वेळापत्रक गिऱ्हाइकाचे असते आणि गिऱ्हाईक बलाढ्य असते. दुसऱ्याच्या विमानांचे भाग आपण वेळेवर पोचवतो. स्वतःच्या विमानांचे भाग लहान देशांना पोचवताना तोच काटेकोरपणा टिकतो का, हा खरा प्रश्न आहे. गयानाकडे बोईंगसारखा वचक नाही. आपली सचोटी अशाच गिऱ्हाइकापुढे कसाला लागते.

पेट्यांबरोबर माणसेही जातात, हे विसरून चालणार नाही. मालदीवला आपण दोन ‘ध्रुव’ आणि एक डॉर्निअर दिले, बरोबर ती चालवणारे आणि सांभाळणारे लष्करी कर्मचारीही. तिथे २०२३ मध्ये सत्ता बदलली आणि या कर्मचाऱ्यांची उपस्थिती हाच राजकारणाचा विषय झाला. मे २०२४ पर्यंत लष्करी माणसे परतली, त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. देणगी म्हणून दिलेल्या यंत्राच्या देखभालीलाही दुसऱ्या देशात संशयाने पाहिले जाऊ शकते. म्हणून त्या देशाचीच माणसे लवकरात लवकर तयार करणे हे त्यांच्या हिताचे आणि आपल्याही.

नाशिकच्या दारात

हा विषय आता आपल्या अंगणात आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तेजसची तिसरी आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली. एचटीटी-४० हे हलके, तुलनेने स्वस्त आणि लहान हवाई दलांना पेलेल असे विमान आहे. हवाई दलाने ७० विमाने मागवली आहेत. आज ना उद्या ते परदेशीही जाईल आणि जावेच. पण त्याचे इंजिन अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचे आहे. म्हणजे उद्या एखाद्या आफ्रिकी देशाला इंजिनाचा भाग हवा झाला, तर ओझरला आधी अमेरिकेकडे पाहावे लागेल. ओझरच्या हँगरमध्ये पंख जोडणारे हात तरबेज आहेत. तेवढेच तरबेज हात पेटी बांधण्यासाठी, कार्ड लिहिण्यासाठी, साठा मोजण्यासाठी लागतील, आणि त्यांना तेवढाच मान लागेल.

मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, निर्यातीच्या आकड्याबरोबर दरवर्षी दुसरा आकडाही प्रसिद्ध व्हावा: आपण आजवर दिलेल्या विमानांपैकी आज किती उडण्याच्या स्थितीत आहेत? दुसरी, लाइन ऑफ क्रेडिटमधला एक हिस्सा देखभालीसाठी राखून ठेवावा आणि विमान ठरलेले दिवस उडते राहिले तरच तो कंपनीला मिळावा. ज्या कामाला पैसे जोडलेले नसतात ते काम मागे पडते, हे बँकेत काम केलेल्या कोणालाही विचारा. तिसरी, दूरच्या प्रदेशांसाठी एकेका देशाचा वेगळा नव्हे, तर शेजारच्या काही देशांना मिळून सामाईक साठा उभारावा. हे खर्चाचे आहे. पण इक्वेडोरमध्ये गेलेली अब्रू भरून काढण्याचा खर्च याहून मोठा आहे.

ताळेबंदाच्या तळाशी ‘संभाव्य देणी’ असा एक मथळा असतो. बँकेने दिलेल्या हमी तिथे नोंदवतात. त्या बेरजेत येत नाहीत, म्हणून नवखा माणूस त्या वाचत नाही. जुना माणूस आधी त्याच वाचतो, कारण बँकांना धोका तिथूनही असतो. परदेशी पाठवलेले प्रत्येक विमान ही अशी एक हमी आहे. गयानात उतरलेल्या त्या दोन विमानांना पुढची वीस वर्षे लागणारी प्रत्येक पेटी आपण त्या ३१ मार्चला देणे लागलो.

पूर्व आफ्रिकेतून आलेले ते पत्र मी फाइलला लावले होते. त्याला उत्तर पाठवायला हवे होते, हे लक्षात यायला मला निवृत्तीपर्यंत थांबावे लागले. देशाने तेवढे थांबू नये.